आगकाड्यांत जीव ओतणारा माणूस

अमेरिकेत २००३ साली 'टीन टायटन्स' ही कार्टून मालिका सुरू झाली. रॉबिन, स्टारफायर, सायबोर्ग, रेव्हन आणि बीस्ट बॉय अशी पाच पोरसवदा मंडळी एकत्र राहतात, एकमेकांशी भांडतात, खोड्या काढतात आणि संकट आले की अंगच्या अचाट शक्ती पणाला लावून आपल्या शहराचे रक्षण करतात, एवढाच तिचा विषय. कार्टून नेटवर्कमुळे ती देशोदेशी पोहोचली. घरोघरी केबल गेल्यावर, मग ते घर मुंबई-पुण्यातले असो की सातारा जिल्ह्यातल्या वडूजमधले, शाळेतून परतलेली मुले दप्तर टाकून अशाच मालिकांपुढे बसू लागली. मूळ मालिका २००६ मध्ये संपली. पण शक्तिमान मुलांच्या टोळीचे आकर्षण काही संपलेले नाही. ही सारी करामत परदेशातून आली, आपल्याकडे ती फार उशिरा शिकली गेली, असा आपला सर्वसाधारण समज असतो.

वस्तुस्थिती निराळी आहे. त्या मालिकेच्या ८८ वर्षे आधी, १९१५ साली, नाशिकमध्ये एका मराठी माणसाने साध्या आगपेटीतल्या काड्यांना पडद्यावर हालचाल करायला लावली होती. पुढे चार वर्षांनी त्याच माणसाने दैवी सामर्थ्य असलेला एक बालनायक आणि त्याची सवंगड्यांची टोळी पडद्यावर आणली, आणि त्या नायकाच्या भूमिकेत स्वतःच्या लहानग्या मुलीला उभे केले. तो माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु निर्जीव वस्तूंत एकेका चौकटीने प्राण भरणारा कारागीर आणि या खटाटोपात आपले अवघे घर गुंतवणारा गृहस्थ, ही त्यांची ओळख मात्र मागे पडली आहे.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्यासंगी पंडित. पुढे त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात अध्यापनाचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईस आले. वैदिक घराण्यातला मुलगा पौरोहित्य किंवा शिक्षकी पेशा पत्करील अशी अपेक्षा. पण धुंडिराजाचा ओढा रंग-रेषांकडे होता. १८८५ मध्ये त्यांनी जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. तेथून ते थोरल्या भावाकडे बडोद्यास गेले आणि कलाभवनात चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुरचना शिकले. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी केलेल्या आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीला सुवर्णपदक मिळाले. कलाभवनाचे प्राचार्य गज्जर यांनी हा विद्यार्थी पारखला आणि रंगीत छपाईचे ठसे तयार करण्याची विद्या शिकण्यासाठी त्याला रतलामला पाठविले. चित्रकला, मूर्तिकाम, छायाचित्रण, छपाई ही चारही अंगे एका हातात येणे हा योगायोग नव्हता. पुढे ज्या माध्यमात त्यांना नाव मिळवायचे होते, त्याला हे सारेच लागणार होते.

या उमेदवारीच्या काळातच त्यांच्यावर मोठा आघात झाला. प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दोघेही दगावले. गोध्र्यात थाटलेला छायाचित्रणाचा व्यवसायही चालला नाही. छायाचित्र काढल्याने आयुष्य घटते अशी लोकांची समजूत होती. याच सुमारास बडोद्यात आलेल्या एका परदेशी जादूगाराकडून ते हातचलाखी शिकले आणि स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून प्रोफेसर केळफा या नावाने जादूचे प्रयोग करू लागले. चरित्रकार या प्रकरणाकडे गमतीची आठवण म्हणून पाहतात. पण फाळक्यांच्या कलेची किल्ली येथेच आहे. प्रेक्षकाची नजर नेमकी कोणत्या क्षणी फसते हे जादूगाराला जितके कळते, तितके चित्रकाराला कळत नाही.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. माहेरची गिरिजा करंदीकर सासरी सरस्वती झाली. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून त्यांना सरकारी नोकरी लागली. ती स्थिर होती, मानाची होती. परंतु स्वदेशीचे वारे वाहू लागले तसे त्यांचे मन तेथे रमेना आणि १९०६ मध्ये त्यांनी ती सोडली. लोणावळ्यास, पुढे दादर येथे त्यांनी छपाईचा व्यवसाय उभारला. राजा रविवर्म्यांच्या चित्रांच्या छपाईचे कामही त्यांनी केले. देवदेवतांची ती चित्रे दगडावरून कागदावर उतरविताना त्या मूर्ती त्यांच्या डोळ्यांत किती खोल उतरल्या असतील, याची कल्पना करता येते. यंत्रसामग्रीसाठी ते १९०९ मध्ये जर्मनीलाही जाऊन आले. पण भागीदारांशी मतभेद झाले आणि ऐन चाळिशीत ते भरभराटीच्या धंद्यातून रिकाम्या हाताने बाहेर पडले.

१९११ च्या एप्रिलमध्ये गिरगावातल्या एका चित्रपटगृहात, थोरला मुलगा भालचंद्र याच्यासह, त्यांनी प्राण्यांविषयीचा एक चित्रपट पाहिला. पुन्हा गेले ते सरस्वतीबाईंना घेऊन. ईस्टरनिमित्त त्या दिवशी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट लावला होता. ख्रिस्ताच्या जागी राम आणि कृष्ण दिसू लागले, आणि त्या ध्यासाने पुढच्या तीस वर्षांचे आयुष्य ठरवून टाकले. हाती येतील ती परदेशी पुस्तके, स्वस्तातला कॅमेरा, मिळतील ती रिळे घेऊन त्यांनी घरातच प्रयोग मांडले. दिवसा चित्रपट पाहायचे, रात्री मेणबत्तीच्या उजेडात भिंतीवर चित्रे पाडायची. या अतिरेकाने त्यांची दृष्टी काही काळ गेली. डॉक्टरांच्या उपचाराने आणि चष्म्यांच्या मदतीने ती परत आली. परंतु ज्याचा सारा व्यवसायच डोळ्यांवर अवलंबून होता, त्याने डोळेच पणाला लावले होते, हे विसरता येत नाही.

आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी या अनोळखी परदेशी माणसाला मदत केली आणि निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्याला कामकाज पाहायला मिळाले. दोन महिन्यांत विल्यमसन कॅमेऱ्याची आणि फिल्मला भोके पाडण्याच्या यंत्राची मागणी नोंदवून ते परतले.

आता प्रश्न भांडवलाचा होता. सावकाराला चलच्चित्र म्हणजे काय हे शब्दांनी समजावणे अशक्य. म्हणून फाळक्यांनी एका कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले आणि कॅमेरा तिच्यापुढे रोवून ठेवला. महिनाभराहून अधिक काळ ते रोज थोडेथोडे चित्रण करीत राहिले. पडद्यावर पाहणाऱ्यांना दिसले ते असे, की माती फोडून कोंब वर येतो, पाने उलगडतात, वेल हात पसरते, आणि हे सारे घडते काही क्षणांत. 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखली जाणारी ही चिमुकली फिल्म पाहून मंडळींचा विश्वास बसला आणि कर्ज मिळाले. काळाचे तुकडे करून ते पुन्हा जोडता येतात, हे अॅनिमेशनचे मूळ सूत्र त्या कुंडीत रुजले होते.

'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये सर्वांसाठी झळकला, ही नोंद सर्वश्रुत आहे. तो कोणी केला, याचे उत्तर मात्र एका नावाने पुरे होत नाही. अंधाऱ्या खोलीत बसून कोऱ्या फिल्मला भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाईंनी केले. रसायने कालविणे, फिल्म धुणे त्या शिकल्या. उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडण्याचे कामही त्यांनी केले. शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याच हातचा. भांडवल अपुरे पडले तेव्हा त्यांचे दागिने गेले. नाटकातली माणसेसुद्धा ज्या धंद्याला नाक मुरडीत होती, तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री मिळेना म्हणून साळुंके नावाच्या एका खानावळीतल्या पोराला लुगडे नेसवावे लागले, त्या धंद्यात एका घरंदाज बाईने हे केले.

आणि रोहिदासाच्या भूमिकेत होता भालचंद्र. या मुलाची एक हकीकत चरित्रकारांनी नोंदविली आहे. चित्रीकरणाच्या दिवसांत खेळता खेळता तो खडकावर पडला, डोक्याला खोक पडली आणि तो बेशुद्ध झाला. मुलाला मुंबईस न्यावे, काम थांबवावे, असे सोबतच्यांचे म्हणणे होते. फाळक्यांनी काम थांबविले नाही. त्यांना नेमका रोहिदासाच्या मृत्यूचा प्रसंग चित्रित करायचा होता. त्यांनी त्या बेशुद्ध मुलालाच चितेवर निजवून तो पुरा केला. मुलगा बरा झाला म्हणून ही गोष्ट आज ध्येयनिष्ठेचा दाखला म्हणून सांगितली जाते. पण तो बरा झाला नसता तर? बाप म्हणून फाळक्यांनी योग्य केले असे म्हणवत नाही. हरिश्चंद्राची कथा हीच मुळी बापाच्या वचनाखातर बायको-मुलाने भोगलेल्या हालांची कथा आहे. ती पडद्यावर आणणाऱ्याच्या घरातही तसेच काही घडत होते, एवढे नोंदविणे भाग आहे.

१९१३ मध्ये फाळक्यांनी आपले बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलविला. 'मोहिनी भस्मासुर' आणि 'सत्यवान सावित्री' हे चित्रपट घेऊन ते १९१४ मध्ये पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांच्या कामाचे कौतुक झाले, तेथेच राहून चित्रपट करण्याविषयी विचारणाही झाली. ती नाकारून ते परतले. पण तोवर पहिले महायुद्ध पेटले होते. पैसे पुरविणाऱ्यांनी हात आखडता घेतला आणि मोठ्या चित्रपटाचा खर्च झेपेना. या ओढगस्तीच्या दिवसांतच ते छोट्या चित्रपटांकडे अधिक वळले आणि त्यातूनच १९१५ चा 'आगकाड्यांची मौज' जन्माला आला. त्यात नट नव्हते, पोशाख नव्हते, देखावे नव्हते. होत्या केवळ काड्या, आणि काड्यांना पगार लागत नाही.

लागत होता तो धीर. त्या काळच्या मूकपटात सेकंदाला साधारण १६ चौकटी धावत. काडी मांडायची, कॅमेऱ्याची एक चौकट उघडायची, काडी केसभर सरकवायची, पुन्हा एक चौकट. अशा ९६० चौकटी झाल्या म्हणजे पडद्यावरचे एक मिनिट भरणार. मध्येच हात लागून काडी ढळली, उजेड बदलला, की आकृती दचकलेली दिसणार. एका चौकटीचा निकाल पुढची चौकट पाहिल्याविना कळत नाही आणि फिल्म धुतल्याखेरीज काहीच दिसत नाही. नाण्यांची हालचाल दाखविणारा 'लक्ष्मीचा गालिचा' हाही त्यांच्या याच खटपटीतला. पाश्चात्त्य देशांत असे प्रयोग आधी झाले होते हे खरे; पण नाशिकला हे काम शिकवायला कोणी गुरू नव्हता. 'आगकाड्यांची मौज' आज पाहायला मिळत नाही. तो काळाच्या ओघात नष्ट झाला.

या प्रयोगांतून कमावलेले कसब १९१७ च्या 'लंकादहन' मध्ये कामी आले. गणपत शिंदे यांचा हनुमान आकाशात उड्डाण करतो, लहान होतो, मोठा होतो आणि सोन्याची लंका पेटवितो, हे पाहायला मुंबईत सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खेळ लावावे लागले. राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्या साळुंक्यांनीच केल्या होत्या, हाही एक चमत्कारच. तिकिटाची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीने न्यावी लागत, असे सांगितले जाते. देणी फिटली. १९१८ च्या आरंभी भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली.

त्याच वर्षी आला 'श्रीकृष्णजन्म' आणि १९१९ मध्ये 'कालिया मर्दन'. दोन्हींत कृष्ण होती फाळक्यांची कन्या मंदाकिनी. तेव्हा ती सहा-सात वर्षांची असेल. 'श्रीकृष्णजन्म' मध्ये कंसाचे डोके धडावेगळे होऊन वर तरंगते आणि पुन्हा जागी येते. प्रोफेसर केळफाची ही चलाखी आजही फिक्की वाटत नाही. 'कालिया मर्दन' चा आरंभ तर अपूर्वच आहे. कथा सुरू होण्याआधी ही मुलगी कॅमेऱ्यासमोर निरनिराळे भाव करून दाखविते आणि मग प्रेक्षकांदेखत कृष्ण होते. पडद्यावरच्या देवामागे एक खरीखुरी पोर आहे, हे लपविण्याची फाळक्यांना गरज वाटली नाही.

पुढे जे दिसते ते मुलांच्या टोळीचे राज्य. एका सवंगड्याला गावातल्या बाईने छळले की सारी टोळी तिच्या घरच्या लोण्यावर तुटून पडते. रात्री घरात शिरून कृष्ण एका सावकाराची दाढी त्याच्या निजलेल्या बायकोच्या केसांना बांधून ठेवतो. मोठ्यांची झोप उडते, मुले हसत पळतात. आणि मग यमुनेच्या डोहात कालिया आहे असे कळताच तोच खोडकर पोर उडी टाकतो. पाण्याखाली सर्पाशी झुंज होते, काठावर यशोदा आणि गोकुळ शोक करीत उभे असते, आणि फणीवर पाय रोवून बाळ वर येते. मैत्री, खोड्या, आणि वेळ आल्यावर अंगातल्या शक्तीचा सर्वांसाठी उपयोग. शक्तिमान मुलांच्या आजच्या मालिका याहून वेगळे काय सांगतात? 'कालिया मर्दन' मुंबईत महिनोन्महिने चालला. सुदैवाने त्याचा बराचसा भाग वाचला असून तो पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपला आहे.

येथून पुढची कथा उताराची आहे. भागीदारांना हिशेब हवा होता, फाळक्यांना मनासारखे काम. खटके उडाले आणि ते कंपनी सोडून सहकुटुंब काशीला गेले. तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. स्वतः सोसलेल्या धंद्याचे कडू अनुभव त्यात उतरले. १९२२ मध्ये ते परत आले, पुन्हा चित्रपट करू लागले, पण पूर्वीची सत्ता हाती राहिली नाही. १९३१ मध्ये भारतीय पडदा बोलू लागला आणि मूकपटाचे कसब एका वर्षात जुने ठरले. 'सेतुबंधन' मूकपट म्हणून पुरा झाला आणि मागाहून त्याला आवाज जोडावा लागला. कोल्हापुरात त्यांनी केलेला 'गंगावतरण' १९३७ मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक म्हणून त्यांचा हा एकमेव बोलपट आणि अखेरचाही. तेव्हा ते ६७ वर्षांचे होते. त्यानंतर नाशिकमध्ये, फारशी मिळकत नसलेल्या अवस्थेत, त्यांची अखेरची वर्षे गेली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या उद्योगाची मुहूर्तमेढ त्यांनी रोवली होती, त्याला तेव्हा त्यांची फारशी आठवण उरली नव्हती.

आठवण पुढे झाली. १९६९ पासून त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार दिला जाऊ लागला आणि पहिला मान देविका राणी यांना मिळाला. २००९ मध्ये परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या चित्रपटाने हे सारे घर नव्या पिढीपुढे हसतेखेळते उभे केले. पण अॅनिमेशनचा धागा मधल्या काळात जवळजवळ तुटला होता. १९३४ मध्ये प्रभातचा 'जंबूकाका' आला. १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनने मुंबईत कार्टून विभाग सुरू केला आणि पुढच्याच वर्षी तेथे 'द बॅनियन डिअर' हा जातककथेवरचा चित्रपट तयार झाला, त्यात जी. के. गोखले यांचा मोठा वाटा होता. २००५ मध्ये व्ही. जी. सामंत यांनी 'हनुमान' पडद्यावर आणला आणि २००८ पासून 'छोटा भीम' ही मालिका मुलांच्या गळ्यातला ताईत बनली. हनुमान आणि बाळकृष्ण हे या नव्या चित्रांचेही लाडके नायक आहेत. 'लंकादहन' आणि 'कालिया मर्दन' यांची निवड किती अचूक होती, याचा हा उशिराने मिळालेला दाखला म्हणावा लागेल.

मोठ्या स्टुडिओत आज चौकट घडविणारे शेकडो हात असतात आणि मालिकेच्या अखेरीस त्यांची नावे झरझर सरकत जातात. कोणी ती वाचीत नाही, पण ती असतात. नाशिकच्या कारखान्यात असे हात घरातलेच होते. फिल्मला भोके पाडणारी, उन्हात चादर धरून उभी राहणारी सरस्वती, खोक पडलेल्या डोक्याने चितेवर निजलेला भालचंद्र आणि यमुनेच्या डोहात उडी टाकणारी मंदाकिनी. चित्रपटाचे जनकत्व एका माणसाला देण्यात चूक नाही. ते त्यांनी डोळे, पैसा आणि स्वास्थ्य देऊन कमावले होते. मात्र त्यांना जनक म्हणताना, त्यांनी ज्यांच्या जिवावर हे धाडस केले त्या चिमुकल्या टोळीचीही नावे सोबत घेतली, तरच तो सन्मान पुरा होईल.